सक्शनजवळ बसणारी मेस्त्रीमावशी

गेल्या आठवड्यात अंधेरीच्या एका नव्याकोऱ्या हॉस्पिटलात केसला गेले होते. नाकातून दुर्बीण घालून करायचं ऑपरेशन होतं. समोर भिंतभर पडदा, त्यावर नाकाच्या आतलं सगळं दिसतंय, आणि थिएटरमधला प्रत्येक माणूस मान वर करून त्या पडद्याकडे बघतोय. मध्येच मी विचारलं, रक्त किती गेलं? सर्जनने सिस्टरकडे बघितलं, सिस्टरने टेक्निशियनकडे, आणि टेक्निशियन पडद्यात रंगला होता. पूर्वी अशा वेळी माझा आवाज चढायचा. आता चिडायचाही कंटाळा येतो. मी स्वतःच उकिडवी बसले, नळीने ओढलेलं रक्त जिथे साठतं ती सक्शनची बाटली वाचली आणि उठताना सिस्टरचा हात धरला. पार्ल्याला घरी येईपर्यंत मेस्त्रीमावशी डोक्यातून गेली नाही. तशी ती अधूनमधून येतेच, मीच तिला फार वेळ बसू देत नाही.

मी भूल देणारी डॉक्टर. पंचवीस वर्षं झाली या धंद्यात. त्यातली अकरा मी पूर्व उपनगरातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात काढली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, लिहून आता काय मिळवायचं आहे? तिथे मेस्त्रीमावशी थिएटरमध्ये आया होती. नवरा तिथलाच लिफ्टमन. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं, पण बाईला लिफ्टवर कसं बसवायचं म्हणून थिएटरमध्ये टाकलं. फरशी पुसणं, हत्यारं धुणं आणि सक्शनच्या बाटल्या रिकाम्या करणं एवढंच तिचं काम. मूळ गाव कुडाळकडे, राहायची भांडुपला. अंगाने सुपारीएवढी, गुडघे दुखरे, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कोणीतरी तिला झोपेतून उठवलंय आणि ती त्या माणसाला माफ करणार नाही.

आमच्याकडे निखिल नावाचा सर्जन होता. कान-नाक-घशाचा. नाकाच्या पार मागे, जिथे नाक संपून घसा सुरू होतो, तिथल्या गाठी तो दुर्बिणीने नाकपुडीतूनच काढायचा. यातली एक गाठ फार वाईट. होते ती वयात येणाऱ्या मुलग्यांनाच. कॅन्सर नसतो, पण नुसत्या रक्तवाहिन्यांचा गोळा असतो तो. मुलाचं नाक चोंदतं, मग एक दिवस घोळणा फुटल्यासारखं रक्त येतं आणि थांबत नाही. आई आधी कांदा हुंगवते, डोक्यावर गार पाणी मारते, आणि मग कधीतरी आमच्याकडे येते. अशी गाठ काढायची म्हणजे रक्ताच्या पिशवीला हात घालणं. आदल्या दिवशी मांडीतून बारीक नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बुजवतात, तरी रक्त जायचं ते जातंच.

म्हणून निखिलने एक पद्धत पाडली होती. ती शहाणपणाची होती, आणि तो शहाणा होताच. सुरुवात करायच्या आधी मुलाचं वजन बघून मी आणि तो मिळून एक आकडा ठरवायचो आणि पांढऱ्या फळ्यावर लिहायचो. एवढं रक्त गेलं की हातातलं जिथे असेल तिथे सोडायचं, नाकात पट्ट्या ठासायच्या आणि बाहेर यायचं. उरलेली गाठ पुन्हा कधीतरी. हा आकडा आला हे सांगायचं काम मावशीचं. सगळ्यांसमोर त्याने तिला सांगितलं होतं, "मावशी, माझा हात चालू असताना मी माणसात नसतो. तेव्हा माझं ऐकू नका. आकडा आला की फक्त सांगा, मी थांबणार."

एवढ्या मोठ्या सर्जनने चतुर्थ श्रेणीच्या बाईला असा अधिकार द्यावा याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. मावशीला कौतुकबिवतुक काही वाटलं नाही. तिने फक्त विचारलं की मग स्टूल मिळेल का, माझ्याने तासन् तास उकिडवं बसवत नाही.

स्टूल मिळालं, बुटकंसं. ते ती टेबलाच्या डोक्याकडे, सक्शन मशीनच्या शेजारी ठेवायची. बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावायची आणि दर पंधरा मिनिटांनी पेनाने रेघ मारायची. दुर्बीण धुवायला सलाइन वापरतात, ते पाणीही त्याच बाटलीत येतं. ते वजा केल्याशिवाय रक्ताचा आकडा खरा नाही. त्यासाठी ती सलाइनच्या रिकाम्या बाटल्या पायाशी ओळीने मांडून ठेवायची. एकदा एका नव्या रेसिडेंटने, थिएटर स्वच्छ ठेवायच्या भरात, त्या उचलून कचऱ्यात टाकल्या. एरवी आमच्याशी मुंबईचं मराठी बोलणारी मावशी त्या दिवशी थेट मालवणीत उतरली. "मेल्या, तो कचरो दिसलो तुका? हिशोब आसा तो माझो." त्या एम. बी. बी. एस. मुलाने हातमोजे घालून कचऱ्याच्या डब्यातून चार बाटल्या शोधून तिच्या पायाशी लावून दिल्या. नंतर तोच मुलगा घरून तिच्यासाठी चकल्या आणायचा.

माझी तिची पहिली गाठही अशीच पडली होती. मी नवी होते, रात्रपाळी करून आलेली. उभ्याउभ्याच बाटलीकडे बघून कागदावर चारशे मिलिलिटर लिहिले. ती म्हणाली, मॅडम, उभ्याने नका बघू, खाली बसा. मला राग आला, पण बसले. डोळा पाण्याच्या रेषेला आणला तर पाचशे होते. मी खोडून दुरुस्त केलं. माझं झालं का बघून ती पुन्हा बाटलीकडे वळली. मला ती त्या क्षणी आवडली असं म्हणणार नाही. पण त्यानंतर तिचा आकडा मी कधी तपासला नाही.

पडदा तिने कधी बघितला नाही. आम्ही नव्या लोकांना हौसेने दाखवायचो, हे बघा नाकाचं मागचं दार, हा मेंदूचा तळ, ही डोळ्याची नस. मावशीला दाखवायला गेलो तर म्हणायची, "टीव्ही तुम्ही बघा. सगळेच टीव्ही बघत बसलो तर खालचं कोण बघणार?"

मुलांच्या आयांशी मात्र ती बोलायची. थिएटरच्या दाराशी बाई रडवेली उभी असायची, मुलाचं तोंड फाडणार का विचारायची. मावशीने जुनी ऑपरेशनं बघितली होती, नाकाच्या बाजूने गाल उघडून केलेली. ती सांगायची की पूर्वी फाडायचे, आता नाही, नाकातूनच आत जातात, नाकातूनच गाठ काढतात, तोंडावर ओरखडासुद्धा येणार नाही. मग विचारायची, पोराचं वजन किती? बायांना वाटायचं, ही बाई असं काय विचारते! पण फाइलीतलं वजन कधीकधी दोन महिन्यांपूर्वीचं असतं, आणि दोन महिने नाकातून रक्त गेलेलं पोर तेवढंच राहत नाही. दोनदा तरी तिच्यामुळे आम्ही मुलाला पुन्हा काट्यावर उभं केलं आणि फळ्यावरचा आकडा खाली आणला.

गोराईचा जोएल आला तेव्हा त्याचं वजन एकेचाळीस किलो होतं. वय पंधरा. बाप मासेमारी करणारा, आई गोराईहून खाडीच्या तरीतून भाजी घेऊन येणारी. बाई धीराची होती. मावशीशी तिचं लगेच जमलं. दोघी दाराशी बसून सुक्या बोंबलांच्या भावावर बोलत होत्या. माझ्याशी ती फक्त एवढंच बोलली की तिला एकच मुलगा आहे.

त्याची गाठ मोठी होती, डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचलेली. आदल्या दिवशी वाहिन्या बुजवल्या, पण एक राहिली. ती मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीतून निघत होती, तिला हात लावणं धोक्याचं होतं. फळ्यावर आम्ही नऊशे लिहिलं. निखिल त्या दिवशी जरा तोऱ्यात होता. शेजारच्या खोलीत बाहेरच्या हॉस्पिटलातले चार सर्जन पडद्यावर त्याचं ऑपरेशन बघायला बसले होते. मी सलग तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर होते, आमच्यातली एकजण रजेवर होती म्हणून. ही सबब नाही. पण होतं ते असं होतं.

अशा ऑपरेशनमध्ये डोकं सर्जनच्या ताब्यात असतं, मी पायाकडे असते. रक्तदाब मी मुद्दामच कमी ठेवते, म्हणजे रक्त कमी जावं. नाडी वाढू नये म्हणूनही औषध देते. त्यामुळे मुलाचं रक्त खरोखरच संपायला लागलं, तर माझं मॉनिटर ते लवकर सांगत नाही. हे मला माहीत होतं. कित्येक वर्षं मी हे विद्यार्थ्यांना शिकवत होते.

दोन तास झाले होते. गाठ तीन बाजूंनी सुटली होती. मावशी म्हणाली, "आकडा आला."

निखिलचा हात थांबला. सवयीनेच थांबला. मग त्याने मान वळवून बाटलीकडे बघितलं आणि मनातल्या मनात वजाबाकी केली. "मावशी, सहाशे झालेत."

"बाटलीत सहाशे."

त्याने पुढचं ऐकलं नाही. गाठ सुटत आली आहे, दहा मिनिटं लागतील, असं तो पडद्याकडे बघतच म्हणाला आणि मला विचारलं की माझ्याकडे सगळं ठीक आहे ना. मी मॉनिटर बघितलं. दाब कमी होता, पण तो मीच ठेवला होता. मावशी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, चालू दे.

मावशीने सक्शन मशीनचं बटण बंद केलं.

पडदा लाल झाला. दुर्बिणीसमोर रक्त साचलं की दिसत काहीच नाही, आणि दिसत नसलं की कितीही मोठा सर्जन असो, त्याला एकच गोष्ट करता येते, थांबणं. निखिल ओरडला की मशीन चालू करा. सिस्टर धावली, तर मावशी बटणावर हात ठेवून बसलेली. तिचा आवाज मोठा नव्हता. ती मला म्हणाली, "मॅडम, आधी खाली वाकून बघा."

मी वाकले. नाकपुडीतून ओघळ निघून कानामागून मानेखाली गेला होता. निळ्या चादरीवरून तो दिसत नव्हता, कारण वरची चादर कोरडी होती. खालच्या दोन चादरी भिजून जड झाल्या होत्या आणि टेबलाच्या कडेवरून फरशीवर थेंब पडत होते. थेंब नव्हे, धारच होती बारीक. कितीतरी वेळ पडत असणार. मी निखिलला पट्ट्या ठासायला सांगितलं. आधी रक्ताची एक बाटली सुरू केली, मग दुसरी, मग तिसरी. रक्त पोटात उतरू नये म्हणून घशात ठेवलेला बोळा काढला तर तोही पिळून निघेल असा. दुपारी जोएलचं हिमोग्लोबिन आलं, पाच. तीन बाटल्या रक्त चढवूनही पाच.

पोरगा जगला. दोन दिवस आयसीयूत होता, तिसऱ्या दिवशी त्याने पेज मागितली.

पुढचं लिहायला मला सर्वांत कंटाळा येतो. अर्धवट राहिलेल्या ऑपरेशनचं कारण लिहावं लागतं. निखिलने लिहिलं, सक्शन बंद पडल्यामुळे ऑपरेशन थांबवावं लागलं. खोटं म्हणता येणार नाही असं वाक्य. रक्तस्रावाच्या रकान्यात त्याने लिहिलं सहाशे, बाटलीप्रमाणे. माझ्या भुलीच्या कागदावर मीही सहाशे लिहिलं. चादरी तोवर धुवायला गेल्या होत्या. त्या मोजायचं आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही, किंवा आलं असेल, आणि आम्ही ते जाऊ दिलं. खरा आकडा लिहिला असता तर आम्ही आमचीच मर्यादा ओलांडून पुढे गेलो हे कागदावर आलं असतं.

मशीन बंद पडलं म्हटल्यावर मशीनवाला आला. त्याने तपासून लिहिलं, मशीन उत्तम आहे. मग प्रश्न निघाला, मशीन बंद कोणी केलं? थिएटरमध्ये नऊ माणसं होती, आणि शेजारच्या खोलीत चार पाहुणे. लपवण्यासारखं काही नव्हतं. मावशीने स्वतःच सांगितलं, मी केलं.

सुपरिंटेंडेंटच्या खोलीत चौकशी झाली. अर्धा तास. मावशी खुर्चीच्या काठावर बसली होती, इस्त्रीची साडी नेसून. सुपरिंटेंडेंट वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त फाइल बंद करायची होती. त्याने मला दोन प्रश्न विचारले. मशीन बंद करायला तुम्ही सांगितलं होतं का? मी म्हणाले, नाही. त्या वेळी रक्तस्राव ठरलेल्या मर्यादेत होता का? मी म्हणाले, नोंदीप्रमाणे हो.

एवढंच. दोन्ही उत्तरं खरी होती. त्या खोलीत माझ्याइतकं खरं कोणीच बोललं नसेल.

मावशीची बदली तळमजल्यावर लिनन रूममध्ये झाली. शिक्षा म्हणून नाही, असं पत्रात लिहिलं होतं. वयोमानानुसार हलकं काम.

अडीच महिन्यांनी जोएलचं दुसरं ऑपरेशन झालं. पुन्हा वाहिन्या बुजवल्या, या वेळी उरलेली गाठ लहान होती. तीन तासांत निखिलने ती अख्खी बाहेर काढली, नाकातूनच, मुलाच्या चेहऱ्यावर एक टाका न पडता. झकास काम केलं त्याने. कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर बसून तो बूट घालत होता. मला म्हणाला, "त्या दिवशी मला दहा मिनिटं मिळाली असती ना, तर पोरगा टेबलावरच गेला असता. मावशीने वाचवला."

"हे लिहून दे ना मग," मी म्हणाले.

तो बुटाची नाडी बांधत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "तू देतेस?"

पुढल्याच महिन्यात तो दुसरीकडे गेला. आता त्याचं मोठं नाव आहे, आणि नाव व्हावं असाच त्याचा हात आहे.

त्या दुसऱ्या ऑपरेशनच्या संध्याकाळी मी लिनन रूममध्ये गेले. का गेले, हे तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं होतं की मुलगा बरा झाल्याचं तिला कळवायला. मावशी धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. जोएलची आई ऑपरेशन चालू असताना निम्मा वेळ इथेच येऊन बसली होती, आणि मुलगा बाहेर आल्यावर पुन्हा येऊन सांगून गेली होती. म्हणजे माझ्या सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी उभी राहिले. तिने स्टूल पुढे केलं नाही, बसा म्हणाली नाही. घडी घालता घालता म्हणाली, "नोंदीप्रमाणे, म्हणालात तुम्ही."

मी म्हणाले, हो.

"खाली वाकून तुम्हीच बघितलं होतंत, मॅडम."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मला त्या वेळी खरंच वाटलं की मी सगळं नीट करीन. मी म्हणाले, मावशी, मी उद्या लिहून देते, चादरींचं, हिमोग्लोबिनचं, सगळं. तुम्हाला परत वर थिएटरमध्ये घ्यायला लावते. हे बोलताना मला हलकं वाटायला लागलं होतं, हेही सांगून टाकते.

मावशीने हातातली चादर थप्पीवर ठेवली.

"लिहा नाहीतर नका लिहू. मी काय परत वर यायची नाही."

मला वाटलं, ती रुसली आहे. मी म्हणाले, असं करू नका, तुमच्यासारखी नजर कोणाची नाही.

"नजरेचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली. "आधी मी आकडा सांगितला की साहेबांचा हात थांबायचा. आता मी सांगितलं की तुम्ही सगळे आधी माझ्याकडे बघणार. मग बाटलीकडे बघणार. मग एकमेकांकडे बघणार. तेवढ्यात पोर जाईल."

मी लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला केस होती, त्यानंतर दुसरी, आणि मग आठवडा गेला, आणि मग ते राहिलंच. त्या पावसाळ्यानंतर मावशी निवृत्त झाली. छोटासा कार्यक्रम केला म्हणे, नारळ आणि शाल दिली. मुलुंडला केस आहे म्हणून मी गेले नाही. केस नव्हती.

तिला मी शेवटचं बघितलं ते त्या लिनन रूमच्या संध्याकाळीच. बोलणं संपल्यावर तिने चादरींच्या थप्प्या ट्रॉलीवर रचल्या आणि ट्रॉली ढकलायला लागली. एक चाक अडत होतं. मी पुढे होऊन हात लावला, तिने नको म्हटलं नाही. लिफ्टपर्यंत आम्ही दोघींनी मिळून ती ढकलत नेली. लिफ्ट यायला फार वेळ लागला. तिथे उभ्याउभ्या तिने एकदा गुडघा चोळला, मी मोबाइल काढून उगाच बघितला. मग लिफ्ट आली, मावशीने ट्रॉली आत घेतली आणि स्वतः भिंतीशी चिकटून उभी राहिली. आत आणखी एक माणूस मावला असता. तिने मला या म्हटलं नाही, आणि मीही जिन्याने वर गेले.